तात्यांच्या देव्हाऱ्यातलं बायबल

बब्रुवानतात्यांनी आयुष्यात पुष्कळ भांडणं मिटवली, पण एकाही भांडणाचा निकाल त्यांनी स्वतः दिला नव्हता, आणि याचाच त्यांना अभिमान होता. निकाल भैरोबा देतो, आपण नुसतं ताट धरतो, असं ते म्हणायचे. भूम तालुक्यातल्या त्यांच्या गावात बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून किंवा कुणाच्या शेरडानं कुणाचं पीक खाल्लं यावरून वाद पेटला, आणि दोन्हीकडची तोंडं थकली, की मंडळी तात्यांच्या दारात येत. मग रविवारी, देवाच्या वारी, तात्या देवळाच्या पायरीवर पितळी ताट घेऊन उभे राहत. ताटात बेलाचं पान आणि सोनारीच्या काळभैरवाकडून आणलेला भंडारा. दावा सांगणाऱ्यानं तो उचलून बोलायचं. उचलला की तो खरा, कचरला की खोटा. खोटेपणानं उचलला तर भैरोबा आणि तो बघून घेतील, तात्यांना त्यात पडायचं काम नव्हतं. त्यांचे वडीलही हेच करायचे, ताटही वडिलांचंच होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शांतवन आणि अण्णारावाचं प्रकरण आलं आणि तात्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

शांतवनचं घर गावातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. आजोबांच्या काळापासूनचं. नाताळाला बार्शीच्या चर्चमध्ये जायचं, बाकी वर्षभर चारचौघांसारखं शेतात राबायचं. त्याचं दोन एकर रान अण्णारावाच्या रानामागं, आणि बाहेर पडायला अण्णारावाच्या बांधावरूनच वाट. शांतवन म्हणायचा, ही वाट अण्णारावाच्या वडिलांनी माझ्या बापाला तोंडी दिली, मी आणि अण्णाराव, आम्ही दोघं पोरं तेव्हा तिथंच उभे होतो. अण्णाराव म्हणायचा, असं बोलणंच कधी झालं नाही. देणारा आणि घेणारा, दोघंही वारलेले. यंदा अण्णारावानं जेसीबी लावून वाटेत भला मोठा चर मारला. शांतवनचा कांदा काढून रानातच पडलेला, वर ताडपत्री, आणि टेम्पो काही आत जाईना. तहसीलात अर्ज करावा तर निकाल लागेपर्यंत कांद्याला कोंब फुटायचे. वाट गेली तर रान विकण्यावाचून इलाज नव्हता. ते विकत घ्यायला कोण टपून बसलंय हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

देवळापुढं मंडळी जमली तेव्हा शांतवन हात जोडून म्हणाला, "तात्या, भैरोबाचा मान हायेच. पन भंडारा उचलनं आमच्यात चालत न्हाय. मी माझ्या बायबलवर हात ठिवून सांगतो."

तात्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. देव तो देव. ते मान डोलावणार, तेवढ्यात अण्णारावाचा मुलगा कृष्णराज पुढं आला. पुण्याला वकिलीचं शिकत होता, सुट्टीला आलेला. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलं माहीत होतं.

"तात्या, जरा थांबा. त्या पुस्तकावर हात ठिवायचा तर ते कुणी लिहिलंय हे नको का बघायला?"

"देवाचा शब्द हाय त्यो," शांतवन म्हणाला.

"देव कागद घिऊन बसला व्हता का?" कृष्णराजनं मोबाइल काढला. "हे बघा. साठसत्तर पुस्तकं एका ठिकाणी बांधल्यात. शेकडो वर्षं कैक जन लिहित व्हते. त्यातल्या निम्म्यांची नावंबी नक्की न्हाईत. येशूचीच गोष्ट चौघांनी लिहिली, तीबी त्यो गेल्यावर लई वर्षांनी, आन चौघांची चार तऱ्हा. ज्याच्या लिहिणाऱ्याचा पत्ता न्हाय, त्याच्यावर हात ठिवायला कुणाला भ्या वाटंल? आमाला ही शपथ मान्य न्हाय."

मंडळींना ते पटलं. तात्यांनाही थोडं पटलं, आणि पटलं म्हणून ते घाबरले. "पुढच्या रविवारी बसू," ते म्हणाले. "तोवर मी बघतो ते पुस्तक कुणी लिहिलंय." चुकून आपल्या गोठ्यात आलेलं वासरू कुणाचं आहे ते बघतो, अशा सुरात ते म्हणाले.

गावचा रिवाज असा की शपथेची वस्तू आठवडाभर ताट धरणाऱ्याच्या घरी राहते, म्हणजे कुणी अदलाबदल करायला नको. त्या आठवड्यात ताटवाल्यानं दोन्ही घरांच्या पाण्यालासुद्धा शिवायचं नाही. त्याप्रमाणे शांतवनची बायको धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून बायबल घेऊन आली. "तात्या, पैली पाच पुस्तकं मोशेनं लिहिल्यात, येवढं मला ठाऊक हाय," असं सांगून ती गेली. एवढं मोठं देवाचं पुस्तक ठेवायचं कुठं? तात्यांनी ते देव्हाऱ्यात भैरोबाच्या टाकाशेजारी ठेवलं.

सकाळी पाहतात तर पुस्तकाच्या काळ्या पुठ्ठ्यावर हळदकुंकवाचं ठसठशीत बोट.

"अगं, काय केलंस हे!"

"देव्हाऱ्यात हाय म्हणल्यावर लावायचं न्हाय व्हय?" कस्तुराबाई म्हणाल्या. "बाकीच्यास्नी लावायचं आन पावन्याला उपाशी ठिवायचं?"

तात्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं, तर लाली जास्तच पसरली. मग त्यांनी चष्मा लावला आणि ओट्यावर बसून वाचायला घेतलं. सातवीपर्यंत शिकलेले, एकेक अक्षर बोटानं दाबत जायचे. पहिल्याच पानांवर अडले. आधी लिहिलं होतं, देवानं जनावरं केली आणि मग माणूस केला. पान उलटलं तर आधी माणूस, मग जनावरं. तात्यांनी पुन्हा मागं जाऊन पाहिलं. पुस्तकात चूक आहे की आपल्या डोळ्यांत, हे त्यांना समजेना.

"दोन तऱ्हेनं सांगितलंय गं एकच. दोघांनी लिहिलंय का काय?"

कस्तुराबाई तांदूळ निवडत होत्या. "आपल्या लग्नाचं तुमी एक सांगता, मी एक सांगते. तुमी म्हणता बँड व्हता, मी म्हणते हलगी व्हती. म्हणून काय लग्नच झालं न्हाय?"

"बँड व्हता," तात्या म्हणाले.

"हलगी व्हती."

तात्या पुढं वाचायला लागले. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा अमका, अशी पानंच्या पानं ओलांडली. काही ठिकाणी मात्र अंगावर काटा आला आणि डोळे पाणावले. लिहिणारा कोण का असेना, दुःख भोगलेला होता, एवढं त्यांना जाणवलं. पण शांतवनच्या बायकोनं सांगितलेल्या पाचव्या पुस्तकाच्या शेवटी ते आले आणि त्यांनी चष्माच काढून ठेवला. तिथं मोशे मेला होता. मेला, त्याला पुरलं, आणि त्याची कबर कुठं आहे ते आजवर कुणाला ठाऊक नाही, असंही लिहिलं होतं. मोशेनं लिहिलेल्या पुस्तकात मोशेच्या मातीची हकीकत! तात्यांनी दिवसभर ज्याला त्याला विचारलं की मेलेला माणूस आपलं मरण लिहील कसं. गावात कुजबुज सुरू झाली की तात्यांना उन्हाचा त्रास झालाय.

बाजाराच्या दिवशी ते भूमला गेले आणि एसटी स्टँडसमोर जाफरभाईच्या शिलाईच्या दुकानात जाऊन बसले. जाफर त्यांचा जुना दोस्त. त्याच्या आजोबांपासून दुकान तेच.

"तात्या, ती किताब अल्लानंच धाडलेली," जाफर सुईत दोरा ओवत म्हणाला. "ईसा आमचेबी पैगंबर. पन मागाहून लोकांनी तिच्यात फेरफार केला, असं आमच्यात मानत्यात."

"कुणी केला?"

"ते काय मालूम."

"कवा केला?"

"लई जुनी बात हाय, तात्या."

"मग तुमचं कुराण कुणी लिहिलं?"

"ते लिहिलेलं न्हाय, उतरलेलं हाय. ऐकनाऱ्यांनी पाठ केलं, मग कागदावर घेतलं."

"ऐकनाऱ्यांनी घेतलं तर मग ह्ये बायबलबी ऐकनाऱ्यांनीच घेतलं असंल की."

जाफरनं टेप गळ्यात टाकली आणि चहा सांगितला. "थांबा. बार्शीच्या पास्टरसाबचे झगे मीच शिवतो. त्यांनाच इचारू." त्यानं फोन लावून स्पीकर चालू केला.

पास्टरचा आवाज तरुण आणि अदबशीर होता. देवानं सुचवलं आणि माणसांनी आपापल्या भाषेत लिहिलं, असं त्यांनी सांगितलं. तात्यांनी मोशेच्या मरणाचं विचारलं.

"कोणी म्हणतं, तो शेवट मोशेनंतरच्या पुढाऱ्यानं लिहिला," पास्टर म्हणाले. "कोणी म्हणतं, पुढं शेकडो वर्षांनी अनेकांनी जुन्या हकिकती जुळवून ही पाचही पुस्तकं तयार केली. माझ्या गुरुजींचं मत एक होतं, माझं दुसरं आहे."

"म्हंजे तुमालाबी नक्की ठाऊक न्हाय?"

"नाही, तात्या."

"आन तरी रोज वाचता?"

"रोज."

"बघा पास्टरसाब," जाफर मधेच म्हणाला, "जुळवलं म्हणजे फेरफार झालाच की!" मग त्या दोघांची फोनवरच अशी जुंपली की तात्यांचा चहा गार झाला. भांडत होते, पण मधूनच एकमेकांच्या पोरांची चौकशीही करत होते. तात्यांची एसटी लागली. ते खिडकीशी बसले आणि वाटेत त्यांच्या मनात एक नकोसा विचार आला, की बेल-भंडाऱ्याची रीत तरी कुणी घातली? वडील म्हणायचे, पूर्वीपासून आहे. पूर्वीपासून म्हणजे कुणापासून? तात्यांनी भैरोबाचं नाव घेतलं आणि तो विचार बाजूला सारला. तो काही गेला नाही.

मधली बरीच पुस्तकं नुसती उलटत शनिवारी दुपारपर्यंत ते येशूच्या गोष्टीपर्यंत पोचले होते. येशू डोंगरावर बसून लोकांना शिकवत होता. गोरगरिबांचं, रागाचं, शेजाऱ्याचं सांगत होता. तात्यांना ते फार आवडत होतं. आणि एकाएकी त्यांचं बोट थांबलं.

तिथं लिहिलं होतं, शपथ म्हणून घ्यायचीच नाही. आकाशाची नाही, धरणीची नाही, स्वतःच्या डोक्याचीही नाही. हो तर हो म्हणा, नाही तर नाही म्हणा, त्याच्या वर जे काही लागतं ते वाईटातून येतं.

तात्यांनी ते पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. कस्तुराबाई चुलीपासून उठून आल्या.

"ज्या पुस्तकावर हात ठिवून शपथ घ्यायची, तेच म्हणतंय शपथ घिऊ नका," तात्या म्हणाले.

"शांतवनला ठाऊक हाय का?"

"ठाऊक असतं तर त्यो तयार झाला असता व्हय? नाताळापुरता चर्चात जानारा गडी त्यो."

आता करायचं काय? शांतवनला सांगावं, तर तो हात मागं घेणार, आणि गावच्या रिवाजानं कचरला तो खोटा. वाट गेली, कांदा गेला, रान गेलं. न सांगावं, तर त्याच्या देवानं नको म्हटलेलं त्याच्याकडून करवून घ्यायचं, आणि तेही स्वतः पुस्तक पुढं धरून. ही ओळ गावात आपल्याशिवाय कुणी वाचलेली नाही, कृष्णराजच्या मोबाइलनंही नाही, हे तात्यांना कळत होतं. पुस्तक मिटलं की झालं. त्यांनी मिटलंही. पण दिवस कलताना ते उठले, बायबल टॉवेलात गुंडाळलं आणि रिवाज मोडून शांतवनच्या घराकडं चालू लागले.

शांतवन अंगणात सडके कांदे वेगळे करत होता. एक पोतं तेवढं त्यानं डोक्यावरून आणलेलं.

"शांतवन, तुझ्या पुस्तकात शपथ घिऊ नका म्हणलंय बाबा."

शांतवननं मान वर केली नाही. "म्हाईत हाय, तात्या."

"म्हाईत हाय?"

"बापानं लहानपनी पाठ करून घेतलंय."

तात्या बाजेवर बसले. "मग कबूल कसा झालास?"

"कांदा सडतोय की, तात्या! दोनच एकर हाय. ते गेल्यावर देवाला तोंड दाखवून काय करू?" मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला वाटलं, तुमी तिथवर वाचनार न्हाय. जाडजूड पुस्तक. पैल्या पानांतच दमताल म्हणलं. देवाची माफी आधीच मागून ठिवली हाय मी."

त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तात्यांनी तो घेतला आणि निम्मं पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण तेही मोडलं.

रात्री त्यांना झोप लागली नाही. जो माणूस आपल्या देवाचा शब्द ठरवून मोडायला निघाला, त्याच्या शपथेला काय किंमत द्यायची? पण मोडताना ज्याला एवढं लागतं, तो वाटेपायी खोटं बोलेल का? आणि हे आपल्याजवळ कबूल कशाला केलं त्यानं? धूर्तपणानं, की भाबडेपणानं? तात्यांना काहीच उमजेना. आजवर असल्या गोष्टींचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. ताट होतं ना.

रविवारी देवळापुढं सगळं गाव लोटलं. तात्या पायरीवर उभे राहिले, हातात ताट, काखेत बायबल. अण्णाराव आंघोळ करून, कपाळभर भंडारा लावून आलेला.

"काय तात्या," कृष्णराज म्हणाला, "कळलं का कुणी लिहिलं?"

"न्हाय कळलं," तात्या म्हणाले. लोक हसले. "लई जनांना इचारलं. कोण व्हते, किती व्हते, कवा लिहिलं, कुनालाच पुरतं ठाऊक न्हाय."

"म्हंजे शपथ रद्द."

"व्हय. रद्द."

शांतवन पायरीशी आला होता, हात अर्धा वर उचललेला. तो तसाच खाली आला. तात्यांनी बायबल त्याच्या हातात दिलं. "घरी ने," ते म्हणाले. "कुंकू लागलंय त्याला, आमच्याकडून झालं. पुसून घे."

"आता ताट इकडं करा," अण्णाराव पुढं झाला. "मी उचलतो भंडारा आन मिटवून टाकू."

त्याचा हात ताटाला लागणार, तोच तात्यांनी ताट मागं ओढलं, वळले आणि आत जाऊन ते देवापुढं ठेवून आले. असं कधी घडलं नव्हतं. "तुझीबी रद्द," ते म्हणाले.

एकच गलका झाला. देवाचा अपमान, म्हातारा बिघडला, बाटला, ज्याच्या तोंडाला येईल ते तो बोलला. तात्या गलका थांबायची वाट बघत राहिले. मग म्हणाले, "शांतवन, कशावर हात ठिवू नगंस. माझ्याकडं बघ. वाट दिली व्हती का?"

"व्हय," शांतवन म्हणाला.

"अण्णाराव, तू माझ्याकडं बघ. दिली व्हती का?"

अण्णारावानं सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "न्हाय."

तात्यांना वाटलं होतं, यातला एक तरी अडखळेल, नजर चोरेल. कुणीच चोरली नाही. एक हो, एक नाही, दोन्ही सारखेच खणखणीत. वाट दिली तर अण्णारावाचा बांध जातो, न दिली तर शांतवनचं रान, एवढंच त्यांना कळत होतं. आत देव होता, शांतवनच्या हातात पुस्तक होतं, आणि दोन्हीकडून काही ऐकू येत नव्हतं. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं पाहत होतं.

"वाट शांतवनची," ते म्हणाले. "सांजच्या आत चर बुजवायचा."

"हे कुणी ठरवलं?" कृष्णराज ओरडला. "भैरोबानं? का त्या पुस्तकानं?"

"म्या ठरवलं," तात्या म्हणाले. "चुकलं असंल तर माझं चुकलं. माझ्याशी भांडा."

अण्णाराव पायरीपर्यंत आला. शिवी देईल असं वाटलं, पण दिली नाही. पोराला हाताला धरून तो निघून गेला. चर त्यानं बुजवला, चार माणसं लावून, सांजेच्या आत. त्याच्या मनात काय होतं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कांद्याचा टेम्पो भरून बांधावरून बाहेर आला तेव्हा तात्या रस्त्याला उभे होते. का आलो ते त्यांना सांगता आलं नसतं. शांतवन टेम्पोतून उतरला, हात मातीनं भरलेले, चेहरा आनंदानं फुललेला.

"तात्या, एक इचारू? मी खरं बोलतोय हे तुमाला कशावरून कळलं?"

काहीतरी गोड उत्तर देता आलं असतं. तात्यांना ते सुचलंही.

"न्हाय कळलं, बाबा," ते म्हणाले. "अजूनबी न्हाय कळलं."

शांतवनचं हसू मावळलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, पण शांतवन हलला नाही. तात्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिला, त्यांच्या जागलेल्या डोळ्यांकडं.

"मग लई मोठं वझं घेतलं तुमी डोक्यावर," तो म्हणाला.

"व्हय," तात्या म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.